विटलेल्या अद्भुतकथांची ओढ

विसाव्या शतकात अमेरिकेत स्वस्त कागदावर छापल्या गेलेल्या अद्भुतकथांत मंगळावर तलवार गाजवणारे कप्तान आहेत, वानरांनी वाढवलेला इंग्रज उमराव आहे, चेटक्यांची मुंडकी उडवणारे रानटी राजे आहेत आणि दर दोन-तीन प्रकरणांनी कुणीतरी पळवून नेलेली एक अर्धवस्त्र राजकन्या आहे. बारा-चौदाव्या वर्षी ज्यांनी त्या वाचल्या त्यांना त्या साठीतही आठवतात. तेव्हा त्या वर्गात बाकाखाली नाहीतर घरी पाठ्यपुस्तकाआड धरून वाचल्या गेलेल्या असतात. मोठेपणी पुन्हा हाती घेतल्या की पहिली काही पाने जुना वेग अंगात भरतो, आणि मग मध्येच असे एखादे वाक्य येते की पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. कुठे एक सबंध वंश नरभक्षक ठरवलेला असतो. कुठे बाईला चाबकाचे फटके बसत असतात आणि लेखक त्यात रमला आहे हे लपत नाही. तरीही पुस्तक रद्दीत जात नाही. ते कपाटात, पण मागच्या रांगेत राहते. ही ओढ आणि हा संकोच कुठून येतात, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

येथे विचार केला आहे तो एका ठरावीक परंपरेचा: एडगर राइस बरोजच्या १९१२ मधल्या पहिल्या मंगळकथेपासून ते १९८८ पर्यंत, म्हणजे जॉन नॉर्मनच्या ‘गोर’ मालिकेला तिच्या प्रकाशकाने नारळ दिला तिथवर. टोल्किनचे लेखन याच काळातले, पण त्याची जात निराळी. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने वर्षानुवर्षे घोटलेला तो मजकूर आहे. इथली बहुतेक मंडळी शब्दांवर पोट भरणारी होती. त्यांच्यातल्या तलवार-चेटुकाच्या कथांना इंग्रजीत ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ हे नाव फ्रिट्झ लायबर या लेखकाने १९६१ मध्ये दिले. तोवर त्या कथांना तीस वर्षे होऊन गेली होती.

सुरुवात कागदापासून करावी लागते. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ मध्ये आपले ‘आर्गसी’ मासिक लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरबरीत कागदावर काढायला सुरुवात केली. अंकात लेख नाहीत, छायाचित्रे नाहीत, सगळ्या गोष्टीच. किंमत दहा सेंट. या लगद्यावरूनच अशा मासिकांना आणि पुढे त्यांतल्या साहित्याला ‘पल्प’ हे नाव पडले. कागदात आम्ल असल्यामुळे तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि कडांनी झडू लागतो. हे अंक जपून ठेवावेत असे छापणाऱ्याच्याही मनात नव्हते. लेखकाला मोबदला शब्दांवर मिळे, शब्दामागे अर्धा-एक सेंट; आणि पुष्कळदा तोही अंक बाजारात गेल्यावर. पल्पमध्येच लिहिणारा रॉबर्ट हॉवर्ड वारला तेव्हा ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाकडे त्याचे हजार डॉलरहून अधिक थकले होते.

अशा दराने घर चालवायचे तर दिवसाला हजारो शब्द पाडावे लागतात. इतक्या घाईत माणूस घडवायला सवड नसते. मग लेखक तयार मालाला हात घालतो: लबाड पौर्वात्य पुजारी, ढोल बडवणारी काळ्यांची टोळी, बाकदार नाकाचा सावकार, गोरीपान भेदरलेली मुलगी. वाचकाच्या डोक्यात ही पात्रे आधीच बसलेली असतात, त्यामुळे ओळख एका वाक्यात उरकते आणि उरलेली जागा हाणामारीला मोकळी होते. या कथांचा जो वेग वाचकाला आवडतो, तो बराचसा या साच्यांमुळे आलेला आहे. म्हणूनच ‘तेवढा वाईट भाग गाळला तर पुस्तक छान आहे’ हे नेहमीचे समर्थन जरा तपासून घ्यावे लागते. काही पुस्तकांत तो भाग सुटा निघतो. काहींत तो काढला की कथेचा सांधाच निखळतो.

बरोजचा जन्म १८७५ चा, शिकागोचा. पस्तिशीपर्यंत त्याने हरतऱ्हेचे उद्योग करून पाहिले आणि बहुतेक बुडवले. पेन्सिलींना टोक करणारी यंत्रे विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांवर तो देखरेख करत असे. पल्प मासिकांतल्या जाहिराती तपासताना त्याने त्यांतल्या गोष्टीही वाचल्या आणि इतके टाकाऊ लिहून पैसे मिळत असतील तर तेवढे टाकाऊ आपल्यालाही जमेल, असा हिशेब त्याने केला. त्याची पहिली मंगळकथा ‘ऑल-स्टोरी’ मासिकात फेब्रुवारी ते जुलै १९१२ या काळात क्रमशः आली. मोबदला ४०० डॉलर. आपले हे लेखन लोक वेडगळ समजतील या भीतीने त्याने शहाण्या डोक्याचा माणूस अशा अर्थाचे टोपणनाव घेतले होते. जुळाऱ्याने ते चूक समजून दुरुस्त केले आणि विनोद वाया गेला. ही कथा ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आली.

तिचा नायक जॉन कार्टर अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूने लढलेला व्हर्जिनियाचा कप्तान आहे. ॲरिझोनात अपाची योद्धे पाठलाग करत असताना तो एका गुहेत शिरतो आणि मंगळावर जागा होतो. तिथे चार हातांचे हिरवे दांडगे लोक आहेत, तांबूस वर्णाची देजा थोरिस ही राजकन्या आहे, ती अंडी घालते. सुकत चाललेल्या समुद्रांच्या तळाशी ओस नगरे आहेत, कालवे आहेत. मंगळावरचे कालवे बरोजने स्वतःच्या डोक्यातून काढलेले नव्हते. ॲरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेतून पर्सिव्हल लॉवेलने ते पाहिल्याचे सांगून त्यावर पुस्तके लिहिली होती. १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ या यानाने मंगळाजवळून छायाचित्रे पाठवली आणि कालवे, नगरे, राजकन्या सगळ्यांचा एकदमच निकाल लागला.

इथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. बरोजचा मंगळ विज्ञानाच्या दृष्टीने साफ खोटा ठरला, तरी त्यामुळे पुस्तकाला काहीच बाधा आली नाही. उलट ओस समुद्रतळांवर चालणारे रथ आता अधिकच मोहक वाटतात. कथेत आज टोचतो तो कप्तानाचा थाट: कुठल्याही ग्रहावर, कुठल्याही जमातीत गेला की चार दिवसांत तिचा म्होरक्या होणे हा आपला हक्कच, असे त्याला मनापासून वाटते. जुने होणे आणि विटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि खोट्या भूगोलामुळे पुस्तक फक्त जुने होते.

‘टारझन ऑफ द एप्स’ मध्ये ही दोन्ही टोके एकाच पुस्तकात सापडतात. ‘ऑल-स्टोरी’च्या ऑक्टोबर १९१२ च्या एकाच अंकात सबंध कादंबरी छापली गेली. बरोजने आफ्रिका कधी पाहिली नव्हती. मासिकातल्या पाठात टारझनच्या जंगलात चक्क वाघ आहे. आफ्रिकेत वाघ नसतो हे वाचकांनी कळवले, तेव्हा १९१४ च्या पुस्तकात वाघाची सिंहीण झाली. ही दुरुस्ती सहज झाली. त्याच कादंबरीतले मबोंगाच्या टोळीचे नरभक्षक लोक आणि नायिका जेनची एस्मराल्डा ही भित्री, हास्यास्पद काळी दासी यांच्याबद्दल मात्र कुणी तक्रार केल्याने काही बदलले नाही. प्राणिशास्त्रातली चूक संपादकाला चूक वाटली. माणसांबद्दलची वाटली नाही. तरीही पुस्तकात एक असा भाग आहे जो शंभर वर्षांत जराही मळलेला नाही. मेलेल्या आईबापांच्या झोपडीत सापडलेल्या चित्रांच्या पुस्तकांवरून, एकही शब्द ऐकलेला नसताना, तो मुलगा पानावरच्या त्या बारीक किड्यांचा अर्थ लावत लावत वाचायला शिकतो. माणसांची बोलायला येते ती पहिली भाषा फ्रेंच. चित्रपटांतला तुटक बोलणारा टारझन या पुस्तकात नाहीच.

‘वीअर्ड टेल्स’ मार्च १९२३ मध्ये सुरू झाले आणि १९२४ पासून १९४० पर्यंत फार्न्सवर्थ राइट त्याचे संपादक होते. खप कधीच फार नव्हता, पण भय आणि अद्भुत लिहिणाऱ्यांना ते हक्काचे घर होते. डिसेंबर १९३२ च्या अंकात हॉवर्डची कोनान या पात्राची पहिली कथा आली. ती त्याने कल नावाच्या दुसऱ्या एका राजाची, कुणी न घेतलेली कथा मोडून नव्याने बांधली होती. हॉवर्ड टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या छोट्या गावात राहत असे. तिथे तेल लागले, गावात पैशांबरोबर गुंड आले, आणि संस्कृती हा एक पातळ मुलामा असून खाली रानटीपणाच खरा, हे त्याचे मत तिथेच पक्के झाले. वडील डॉक्टर, आई क्षयाने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली. ११ जून १९३६ रोजी ती आता शुद्धीवर येणार नाही असे कळल्यावर त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. वय तीस. कोनानच्या सतरा कथा ‘वीअर्ड टेल्स’मध्ये आल्या, त्यांतली शेवटची त्याच्या मृत्यूनंतर संपली.

या कथांत भारतही आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९३४ या तीन अंकांत आलेली ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’ ही दीर्घकथा वेंध्या नावाच्या देशात सुरू होते. विंध्यावरून घेतलेले हे नाव; राजधानी अयोध्या. तिथला राजा भुंडा चंद काळ्या विद्येने तळमळत मरतो आहे. त्याचा आत्मा चेटक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून त्याची बहीण यास्मिना त्याच्याच विनवणीवरून त्याला ठार करते आणि सूड घ्यायला हिमेलियन पर्वतांच्या सीमेवरच्या पेशखौरीला येते. पेशावर, हिमालय, अफगाण हे सगळे असे अर्धवट बुरखा घालून वावरतात. अयोध्येच्या राणीचे नाव यास्मिना आणि बिरुद देवी, याने मराठी वाचकाला हसू येईल. हॉवर्डने हा मुलूख किपलिंग आणि टॅलबट मंडी यांच्या सरहद्दीवरच्या साहसकथांतून उचलला होता. म्हणजे साम्राज्याच्या चष्म्यातून आलेली ती ऐकीव माहिती. पण गंमत अशी की त्याच्या सगळ्या नायिकांत यास्मिना फार उजवी उतरली आहे. कोनान तिला उचलून डोंगरात नेतो खरा, शेवटी मात्र ती आपल्या गादीकडे परतते आणि त्याला बरोबरीच्या नात्याने निरोप देते. कथा वेगवान आहे, आणि यिम्शा पर्वतावरच्या काळ्या मांत्रिकांचा प्रसंग आजही अंगावर काटा आणतो.

याच्या उलट टोकाला ‘द व्हेल ऑफ लॉस्ट विमेन’. काळ्या टोळीच्या हाती सापडलेल्या एका गोऱ्या मुलीला कोनान सोडवतो ते केवळ कातडीच्या नात्याने, आणि कथेला त्याशिवाय दुसरे बळच नाही. हॉवर्डच्या हयातीत ती छापली गेली नाही; पहिल्यांदा उजेडात आली १९६७ मध्ये. वर म्हटलेला साचा काढून घेतला तर इथे हाती काहीच उरत नाही. एकाच लेखकाच्या, एकाच पात्राच्या, थोड्याच काळाच्या अंतरातल्या या दोन कथा शेजारी ठेवल्या, तर ‘हॉवर्ड वाचावा की नाही’ हा ठोक प्रश्न गैरलागू ठरतो.

बायकांच्या चित्रणाचा विषय मुखपृष्ठांशी बांधलेला आहे. १९३३ पासून पाच-सहा वर्षे ‘वीअर्ड टेल्स’ची बरीचशी मुखपृष्ठे मार्गारेट ब्रंडेज या शिकागोच्या चित्रकर्तीने पेस्टल खडूंनी काढली. सही ‘एम. ब्रंडेज’ अशी असल्याने ही बाई आहे हे वाचकांना सुरुवातीला माहीत नव्हते. विषय ठरलेला: विवस्त्र किंवा जवळजवळ विवस्त्र तरुणी, मागे काहीतरी भयंकर. मुखपृष्ठाला साजेसा एखादा प्रसंग कथेत असेल तर कथा अंकावर झळकते, हे लेखकांच्या लवकरच ध्यानात आले. सप्टेंबर १९३३ चे मुखपृष्ठ हॉवर्डच्या ‘द स्लिदरिंग शॅडो’चे आहे, त्यात एक स्त्री दुसरीला बांधून चाबकाने मारते आहे. कथेत तो प्रसंग वाचताना तो कथेसाठी आला आहे की मुखपृष्ठासाठी, अशी शंका येते, आणि ती बहुधा खरी असावी. या चित्रांवर वाचकांच्या पत्रांत तेव्हाच खडाजंगी झालेली आहे.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की ‘त्या काळी सगळ्यांना हे चालत असे’ हा बचाव सरसकट खरा नाही. १९३४ मध्ये सतरा वर्षांच्या एका वाचकाने ‘वीअर्ड टेल्स’ला पत्र लिहून कोनानची टर उडवली आणि या एकसुरी खाटिकखान्याचा आपल्याला वीट आल्याचे कळवले. त्या वाचकाचे नाव रॉबर्ट ब्लॉक. पुढे ‘सायको’ ही कादंबरी त्यानेच लिहिली. त्याच वर्षी त्याच मासिकात सी. एल. मूर या लेखिकेची जॉइरीची जिरेल ही नायिका तलवार घेऊन अवतरली. तिला सोडवायला कुणाची गरज पडत नाही. काळाने मुभा दिली होती आणि ती घेणारे थोडे निघाले.

पल्प मासिके शतकाच्या पाचव्या-सहाव्या दशकांत मंदावली आणि या कथा नाहीशा व्हायला हव्या होत्या. त्या वाचल्या ते स्मरणरंजनामुळे, आणि इथून गोष्ट गुंतागुंतीची होते. १९६१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावात एका शाळेच्या ग्रंथालयातून टारझनची पुस्तके हलवण्यात आली. टारझन आणि जेन लग्नाशिवाय एकत्र राहतात असा बोभाटा झाला होता. (‘द रिटर्न ऑफ टारझन’मध्ये त्यांचे रीतसर लग्न लागते, तक्रार करणाऱ्यांनी दुसरा भाग वाचला नसावा.) वृत्तपत्रांनी बातमी उचलली आणि लहानपणी टारझन वाचलेली मधली पिढी पुस्तके शोधू लागली. ती बाजारात जवळजवळ नव्हतीच. बरोजच्या काही पुस्तकांच्या स्वामित्वहक्कांचे नूतनीकरण राहून गेल्याचे लक्षात येताच ‘एस’ प्रकाशनाने १९६२ मध्ये ती स्वस्तात काढायचा सपाटा लावला आणि पाठोपाठ ‘बॅलन्टाइन’ने अधिकृत आवृत्त्या आणल्या.

हॉवर्डच्या बाबतीत १९६६ साल निर्णायक ठरले. ‘लॅन्सर’ या प्रकाशनाचे ‘कोनान द ॲडव्हेंचरर’ फ्रँक फ्रॅझेटाच्या मुखपृष्ठासह आले: हाडे-कवट्यांच्या ढिगावर तलवार टेकून उभा असलेला, नसा फुगलेला आडदांड पुरुष, पायाशी बिलगलेली स्त्री. पहिलीच कथा ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’. कोनान म्हटले की जगभर जे चित्र डोळ्यांपुढे येते ते हॉवर्डच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी काढलेले हे चित्र आहे. याच पुस्तकात हॉवर्डने अर्ध्यावर सोडलेली एक कथाही आहे. ती स्प्राग द कँप या संपादकाने पुरी केली. द कँप आणि त्याचा सहकारी लिन कार्टर यांनी मजकुरात दुरुस्त्या केल्या, अपुऱ्या कथा पूर्ण केल्या, स्वतःच्या नव्या जोडल्या. त्याआधी पन्नाशीच्या दशकातच द कँपने हॉवर्डच्या भलत्याच, पूर्वेकडच्या साहसकथांतले नायक बदलून त्या कोनानच्या करून टाकल्या होत्या. जुने घर विकत घेऊन नव्या मालकाने भिंती हलवाव्यात आणि पाहुण्यांना वाडवडिलांची वास्तू म्हणून दाखवावी, तसा हा प्रकार होता. मूळ ‘वीअर्ड टेल्स’मधला पाठ वाचकांना मिळावा म्हणून कार्ल एडवर्ड वॅग्नर यांनी १९७७ मध्ये तीन खंड संपादित केले, आणि हस्तलिखिते व टंकप्रती ताडून केलेल्या आवृत्त्या तर २००३ नंतर सर्वत्र मिळू लागल्या.

तोवर १९७० पासून मार्व्हलचे कॉमिक्स, १९८२ चा आर्नोल्ड श्वार्झनेगरचा चित्रपट असे थर चढले होते. गॅरी गायगॅक्सने १९७९ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या परिशिष्टात आपल्याला प्रेरणा देणाऱ्या पुस्तकांची यादी दिली. तिच्यात बरोज, हॉवर्ड, लायबर आहेत, आणि ती यादी हाती धरून पुढच्या पिढ्या मागे वाचत गेल्या. त्यामुळे आज साठीतला वाचक ज्या कोनानबद्दल हळवा होतो तो हॉवर्डचा थोडा, द कँपचा थोडा आणि फ्रॅझेटाचा बराच असतो. मूळ पाठ समोर आला की त्याला दोन धक्के बसतात: गद्य आठवणीपेक्षा चांगले निघते आणि विखार आठवणीपेक्षा कडू.

‘गोर’ची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी लागते, कारण तिथे घाई, दारिद्र्य, जमाना यांपैकी एकही सबब चालत नाही. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा लेखक जॉन नॉर्मन म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स महाविद्यालयातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन लँग. सूर्याच्या पलीकडे लपलेली दुसरी पृथ्वी, माणूस पाठीवर घेऊन उडणारे अजस्र पक्षी, शहरांच्या निष्ठा: पहिली काही पुस्तके बरोजची बरी नक्कल आहेत, आणि ज्यांना गोरबद्दल ममत्व वाटते त्यांच्या मनात बहुधा हेच पक्षी असतात. पुढे मालिका स्त्रीने गुलाम असणे हाच तिचा निसर्ग, या सिद्धान्ताच्या पानोपानीच्या प्रवचनांत बुडाली. बरोज-हॉवर्डने पूर्वग्रह हाताशी होता म्हणून वापरला. इथे तो सिद्ध करण्यासाठी कथा वापरली आहे, आणि परिणामी कथा उरलेलीच नाही. ‘डॉ’ प्रकाशनाने पंचविसाव्या पुस्तकानंतर, १९८८ मध्ये, मालिका थांबवली. नव्या शतकात ती दुसरीकडून पुन्हा सुरू झाली. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ च्या एका लेखात वाङ्मयीन आव न आणता टिकून राहणाऱ्या ‘चांगल्या वाईट पुस्तकां’चा गौरव केला होता. गोरच्या उत्तरार्धाला त्या यादीत बसवणे कठीण आहे.

महाराष्ट्रात हे साहित्य दोन वाटांनी आले. एक, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर आणि इतर शहरांतल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत मिळणारी इंग्रजी पेपरबॅके. दुसरी वाट कॉमिक्सची. टाइम्स समूहाने मुंबईहून १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर राज्य करणारा मुखवटाधारी गोरा पुरुष आणि त्याला देव मानणारे बुटके आदिवासी, हा बरोजचाच वारसा. तिथेही संपादकाचा हात फिरला होता: मूळ कथेतल्या देशाचे नाव भारतीय वाचकाला खटकेल म्हणून त्याचे ‘डेंकाली’ झाले, आणि खलनायक चाच्यांच्या नावातला ‘सिंग’ पुसून ‘सिंगा’ करण्यात आला. आपल्याकडची नावे जपली गेली; आफ्रिकेकडे पाहण्याची नजर तशीच राहिली, आणि ते कुणाला खुपल्याचेही दिसत नाही. टारझन किंवा वेताळ वाचणारा मराठी मुलगा स्वतःला नेहमी गोऱ्या नायकाच्या जागी पाहत असे.

मराठीत अद्भुतरम्य कादंबरीचा स्वतःचा बहर त्याआधीचा आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. तिच्या पाठोपाठ रिसबुडांची ‘मंजुघोषा’. त्या काळी त्यांचा वाचक मोठा होता, पण आज त्यांबद्दल कुणी हळवे होत नाही. वाङ्मयेतिहासाच्या पेपरापुरती ती नावे उरली आहेत. नाथमाधवांची ‘वीरधवल’ मात्र, जी टारझनच्या सुमाराची, आजोबांकडून नातवाकडे जात राहिली. फरक गुणवत्तेचा थोडा असेल. अधिक आहे तो सतत छापले जाण्याचा.

पुढच्या लेखकांनी, विशेषतः ज्यांना या कथांनी बाहेर ठेवले त्यांच्यापैकी काहींनी, या कथांचे काय केले, हा या विषयाचा अधिक उपजाऊ भाग आहे. मायकेल मूरकॉकने १९६१ मध्ये कोनानला उलटे करून एल्रिक घडवला: अशक्त, पांडुर, विचार करणारा, औषधांवर जगणारा राजा. जोआना रसने अलिक्स ही चलाख नायिका आणली. सॅम्युएल डिलेनीने १९७९ पासून नेव्हेरियनच्या कथांत गुलामगिरी हाच विषय घेतला आणि गळ्यातले पट्टे, ज्यांचा नॉर्मनने बाजार मांडला, त्यांची चिरफाड केली. सर्वांत बोलके उदाहरण चार्ल्स सॉन्डर्स यांचे. कृष्णवर्णीय अमेरिकन, पुढे कॅनडात स्थायिक झालेले सॉन्डर्स हॉवर्डचे निस्सीम वाचक होते आणि त्याच्या वर्णद्वेषाने घायाळही झालेले होते. त्यांनी कल्पित आफ्रिकेतला योद्धा इमारो उभा केला. १९८१ मध्ये पुस्तक आले तेव्हा प्रकाशकाने मुखपृष्ठावर त्याला काळा टारझन म्हणून टाकले, बरोजच्या वारसांनी हरकत घेतली आणि पुस्तक रखडले. २००६ मध्ये ‘इमारो’ पुन्हा निघाले तेव्हा सॉन्डर्स यांनी त्यातली एक कथा स्वतःहून काढली: रवांडातल्या १९९४ च्या संहारानंतर तिचे कथानक त्यांना छापवेना. तिच्या जागी त्यांनी नवी कथा लिहिली.

संस्थांना हा निर्णय इतका सहज जमला नाही. ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्काराचे स्मृतिचिन्ह १९७५ पासून एच. पी. लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा होते. लव्हक्राफ्ट हा ‘वीअर्ड टेल्स’चा मानकरी आणि हॉवर्डचा पत्रमित्र; त्याचा वर्णद्वेष कथांपेक्षाही पत्रांतून आणि कवितांतून उघडा पडतो. २०११ मध्ये हा पुरस्कार मिळालेल्या नेडी ओकोराफोर या नायजेरियन वंशाच्या लेखिकेने, हे मस्तक आपल्या घरात ठेवायचे म्हणजे काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. २०१५ मध्ये पुतळा रद्द झाला. निषेध म्हणून आपले दोन पुरस्कार परत करणारे सुनंद त्र्यंबक जोशी हे लव्हक्राफ्टचे चरित्रकार आणि त्याच्या शुद्ध पाठांचे संपादक, जन्म पुण्याचा. लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष ते नाकारत नाहीत; त्यावरून त्याच्या वाङ्मयीन स्थानाचा निवाडा होऊ नये, असे त्यांचे म्हणणे. पुढे व्हिक्टर लाव्हाल यांनी लव्हक्राफ्टची ‘द हॉरर ॲट रेड हुक’ ही १९२७ ची, स्थलांतरितांच्या भीतीने बरबटलेली कथा घेऊन ती न्यूयॉर्कच्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने सांगितली. २०१६ ची ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ ही ती दीर्घकथा, आणि तिची अर्पणपत्रिका लव्हक्राफ्टलाच आहे, आपल्या मनातल्या सगळ्या विसंगत भावनांसह.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. त्या हिशेबाने हॉवर्डच्या हयातीत छापलेल्या कथा इथे १९८७ पासून मुक्त आहेत आणि बरोजच्या २०११ पासून. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या मजकुराची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जाते, आणि द कँपने घातलेली भर ही द कँपची. टारझन, कोनान ही नावे व्यापारचिन्हे म्हणून वेगळी राखलेली आहेत. मराठीत या कथा नव्याने आणू पाहणाऱ्याला मासिकातला पाठ घ्यावा लागेल, १९६६ चा नव्हे; म्हणजे वेंध्याची यास्मिना तर मिळेलच, शिवाय मबोंगाच्या जंगलातला वाघही.